फुगलेला मुलगा आणि बारा कप पाणी

रेफरलच्या चिठ्ठीवर एवढंच होतं, "वय ६, नेफ्रोटिक सिंड्रोम, पाणी चोरून पितो, खोटं बोलतो, समुपदेशन करावे." खाली सही. मी मुलांच्या वॉर्डात काउन्सेलर म्हणून काम करते, आणि "समुपदेशन करावे" याचा अर्थ बहुतेक वेळा "याला जरा समजावा आणि आमचं डोकं शांत करा" असाच असतो हे एव्हाना कळलंय. ही केस सविस्तर लिहितेय कारण यात मी मुलांचा विचार वयानुसार कसा वाढतो याची थिअरी पहिल्यांदा चुकीची वापरली, मग तीच थिअरी नीट वापरली, आणि दोन्ही वेळा पुस्तक एकच होतं. मुलाचं नाव बदललंय, ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदललेत. त्याला मनू म्हणूया.

आधी आजार थोडक्यात. नेफ्रोटिकमध्ये किडनीची गाळणी सैल होते, रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे निघून जातं, रक्तातलं अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) घसरतं आणि पाणी रक्तवाहिन्यांमधून बाहेर झिरपून अंगात साठतं. डोळ्यांभोवती, पायांवर, पोटात. सकाळी उठल्यावर डोळे सगळ्यात जास्त सुजलेले दिसतात, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. उपचार म्हणजे प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड, आणि बहुतेक मुलांना त्याने चारेक आठवड्यांच्या आत गुण येतो. तोपर्यंत मीठ कमी, आणि सूज खूप असेल तर पाण्यावर लिमिट. रोज सकाळी वजन, रोज लघवीत पट्टी बुडवून प्रोटीन बघायचं, पट्टी पिवळी राहिली तर बरं, हिरवी झाली की प्रोटीन जातंय. मनूला दिवसाला ६०० मिली सांगितलं होतं. सहा वर्षांच्या मुलाला, उकाड्याच्या दिवसात, आणि वर स्टिरॉइड सुरू, ज्याने भूक वाढते आणि चिडचिडही.

तर झालं असं की वजन उतरायच्या ऐवजी दोन दिवस वाढलं, आणि रात्रपाळीच्या सिस्टरने त्याला बाथरूमच्या नळाला तोंड लावताना पकडलं. विचारलं तर आधी म्हणाला "हो प्यायलो", परत दरडावून विचारलं तर म्हणाला "नाही प्यायलो". झालं, खोटारडा हा शिक्का बसला.

पण गंमत म्हणजे दिवसभर हा मुलगा वॉर्डातला सगळ्यात शहाणा मुलगा होता. सुई टोचताना रडायचा नाही, कुणी काही मागितलं की हसून द्यायचा, आई जेवायला गेली तरी कुरकुर नाही. स्टिरॉइडवरची मुलं कशी चिडतात ते मी बघितलंय, आणि हा हसतोय. मला हे तेव्हाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं, उलट मला वाटलं चला, सोपी केस आहे.

पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर तेच केलं जे आम्ही सगळे शिकताना करतो. दोन सारखे ग्लास, दोन्हीत सारखं पाणी, मग एकातलं पाणी उंच बारीक ग्लासात ओतायचं आणि विचारायचं जास्त कशात. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा पाण्याचा प्रयोग. मनूने उंच ग्लासाकडे बोट दाखवलं, अगदी खात्रीने. म्हणजे द्रव पदार्थाचं कंझर्वेशन, भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं ही समज, अजून आलेलं नाही, म्हणजे पियाजेची पूर्व-क्रियात्मक अवस्था, दोन ते सात वर्षं, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. मी खूश. राउंडला मी सांगितलं की याला आकार बदलला की प्रमाण बदललं असं वाटतं, तर त्याला पाणी उंच बारीक ग्लासात द्या, तेवढंच पाणी जास्त वाटेल. आणि मिलीलिटर वगैरे समजावण्यात वेळ घालवू नका, या वयात ते समजत नाही.

मनूची आई तिथेच उभी होती. नंतर कॉरिडॉरमध्ये तिने मला गाठून हळूच विचारलं, "मॅडम, म्हणजे तो मंद आहे का?" मला काय बोलावं सुचेना. एका अवस्थेचं नाव मी डॉक्टरांसमोर टाकलं होतं, आईच्या कानात ते निदान म्हणून पडलं. तिला बसवून सांगितलं की या वयाची बहुतेक मुलं असंच उत्तर देतात, त्यात कमी काही नाही. ती हो म्हणाली, पटलं किती ते माहीत नाही.

उंच ग्लास दीड दिवस चालला. दुसऱ्या रात्री सिस्टर बदलल्या, त्यांनी तेवढंच पाणी पसरट वाटीत दिलं, आणि मनूने आयुष्यात पहिल्यांदा वॉर्डात भोकाड पसरलं, मग एकदम गप्प झाला, इतका एकदम की सिस्टर घाबरल्या. रात्री परत नळ. सकाळी वजन परत वर.

आता यात माझी चूक काय होती ते जरा थांबून सांगते, कारण हेच मला या क्षेत्रात नवीन आलेल्या लोकांना सांगायचं असतं. मी थिअरीचा वापर मुलाला फसवायला केला. त्याला जे दिसतं त्याचा फायदा घेऊन आपलं काम साधलं, आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय हे विचारलंच नाही. वय सहा, अवस्था अमुक, म्हणून युक्ती तमुक. पियाजे स्वतः तासन् तास मुलांशी गप्पा मारत बसायचा, "असं का वाटतं तुला" हे परत परत विचारायचा, अवस्था त्यातून निघाल्या. आम्ही अवस्था पाठ केल्या आणि गप्पा सोडून दिल्या.

आणि खोटं बोलण्याचं काय? त्यावर मला सुझन रोज आणि मॅरियन ब्लँक या संशोधकांचा १९७४ चा अभ्यास आठवला. कंझर्वेशनच्या नेहमीच्या प्रयोगात मुलाला तोच प्रश्न दोनदा विचारला जातो, ओतण्याआधी आणि ओतल्यावर. त्यांनी फक्त शेवटी एकदाच विचारलं, तर मुलांच्या चुका कमी झाल्या. कारण साधं आहे, मोठ्या माणसाने तोच प्रश्न परत विचारला की मुलाला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं, आता दुसरं द्यायला पाहिजे. सिस्टरने काय केलं होतं? "पाणी प्यायलास?" "हो." "खरं सांग, पाणी प्यायलास?" "...नाही." याला खोटं म्हणायचं की शाळेत रोज जे शिकवतो तेच त्याने केलं असं म्हणायचं? पहिलं उत्तर खरं होतं हो. मी स्टाफला सांगितलं की एकदाच विचारा, आणि तेही शक्यतो विचारू नका, आपल्याला वजनावरून कळतंच की.

मग मी परत गेले, यावेळी काही घेऊन नाही, फक्त कागद आणि स्केचपेन. म्हटलं मला तुझ्या आजाराचं चित्र काढून दाखव. मनूने एक मोठा गोल काढला, त्याला डोळे, हातपाय, आणि मधोमध बेंबीच्या जागी एक गाठ. गाठ म्हणजे फुग्याला असते तशी, खाली दोरीचं टोक लोंबतंय.

"हे काय?"

"मी. फुगलोय ना."

"आत काय आहे?"

त्याने गाल फुगवून दाखवले. हवा.

आता बघा, घरात, वॉर्डात, फोनवर सगळे काय म्हणत होते? "पोरगा फुगलाय." "डोळे बघ कसे फुगलेत." "आज जरा कमी फुगलाय." आपल्याकडे फुगणे हा एकच शब्द फुग्याला, सुजलेल्या माणसाला आणि रुसलेल्या पोरालाही. मी विचारलं, कसा रे फुगलास? त्याने दाराकडे बघितलं, आई नाहीये ना याची खात्री केली, आणि हळूच म्हणाला, "मी रुसून बसायचो ना. आजी म्हणायची, सारखा फुगून बसतोस, एक दिवस असाच राहशील."

आणि तो तसाच राहिला होता.

एवढं कळल्यावर बाकी सगळं आपोआप उलगडत गेलं. तो हसतमुख का होता? कारण रुसलं की फुगतो. भोकाड पसरून मध्येच गप्प का झाला? कारण राग आला तर अजून फुगेन. आणि त्याच्याकडे पुरावा होता! आदल्या दिवशी चिडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे जास्त सुजलेले. डोळे रोज सकाळीच सुजतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि अंगात हवा आहे म्हटल्यावर पाण्याचा आणि फुगण्याचा संबंधच काय? मग पाणी का देत नाहीत? शिक्षा म्हणून. फुगून बसणाऱ्या मुलाला शिक्षा. शिक्षा आहे म्हटल्यावर कुणी बघत नसताना नळाला तोंड लावणं यात तब्येतीचा प्रश्नच येत नाही, ते कुठलंही मूल करतं.

पियाजेने १९३२ च्या नैतिक निर्णयांवरच्या पुस्तकात याला अंतर्निहित न्याय (immanent justice) म्हटलंय, म्हणजे चूक केली की जगच आपोआप शिक्षा देतं, चोरून पळणाऱ्या मुलाच्या पायाखालचा पूल मोडतो तसं. बिबेस आणि वॉल्श यांनी १९८० मध्ये ४, ७ आणि ११ वर्षांच्या मुलांना आजाराबद्दल विचारून पायऱ्या मांडल्या, त्यात लहान मुलं आजाराचं कारण बाहेरच्या, जवळपासच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीत शोधतात, आजार शरीराच्या आत घडतो हे नंतर येतं. मनूचं रुसणं यात कुठल्या खान्यात बसवायचं यावर मी आणि माझी सहकारी अर्धा तास वाद घातला, आणि मग सोडून दिलं. खाना सापडून काही होणार नव्हतं. पण अशा वयात मुलाच्या मनात "माझ्यामुळे" हे असू शकतं, हे शोधायला हवं, एवढं मात्र त्या संशोधनानेच शिकवलं होतं, आणि ते मी पहिल्या दिवशी विसरले होते.

आता सांगायचं कसं? पहिला प्रयत्न फसला. मी म्हटलं तुझ्या पोटात एक गाळणी आहे, तिची भोकं मोठी झालीत, औषध भोकं लहान करणार. चेहरा पांढरा पडला. "माझ्या पोटात भोकं आहेत? मग पाणी प्यायलो तर बाहेर येईल?" उपमा ही मोठ्यांची सोय आहे, सहा वर्षांच्या पोराला गाळणी म्हणजे खरीखुरी गाळणी, आणि भोक म्हणजे भोक. अर्धा तास ते निस्तरण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून एक वेगळी गोष्ट केली. एक फुगा नेला, थोडाच फुगवलेला. मनूला म्हटलं याला बोटाने दाब आणि बोट काढ. खड्डा लगेच भरून आला. मग म्हटलं, आता तुझ्या नडगीवर दाब, हळू, आणि मनात दहापर्यंत मोज. त्याने दाबलं, बोट काढलं, खड्डा तिथेच. सूज पाण्याची असली की असा खड्डा राहतो, डॉक्टर रोज तेच तपासत होते, पण त्याच्या बाजूने कुणी दाखवलं नव्हतं. तो बघतच राहिला. परत फुगा दाबला, परत पाय. चारपाच वेळा. मी काही बोलले नाही, आणि हे माझ्यासाठी सगळ्यात अवघड काम असतं.

"हवा नाहीये," तो म्हणाला.

"मग?"

बराच वेळ पायाकडे बघून, "पाणी?"

मी हो म्हटलं. तू पितोस ते पाणी सध्या लघवीतून पुरेसं बाहेर जात नाहीये, आत साठतंय, म्हणून थोडं थोडं द्यायचं, औषधाने रस्ता नीट झाला की हवं तेवढं. आणि रुसण्याचा याच्याशी काही संबंध नाही. यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं हे दुसरं वाक्य काही आत गेलेलं नाही.

आता पाण्याचं लिमिट. इथे तोच कंझर्वेशनचा प्रयोग खरा उपयोगी पडला, फक्त उलट्या बाजूने. पियाजेच्या कामात एक गोष्ट आहे जी आपण परीक्षेपुरती वाचतो, कंझर्वेशन सगळ्या गोष्टींचं एकदम येत नाही. संख्येचं आधी, द्रवाचं त्यानंतर, वजनाचं आणखी उशिरा. मग जो मुलगा ओतलेल्या पाण्याच्या बाबतीत फसतो, तो मोजलेल्या वस्तूंच्या बाबतीत पक्का असू शकतो. तपासलं, बारा बटणं लांब पसरली, जवळ घेतली, तरी म्हणाला बाराच आहेत, "तू टाकलीस कुठे अजून?" म्हणजे पाणी त्याच्यासाठी संख्या करून टाकायचं. ५० मिलीचा एकच औषधाचा छोटा कप, सगळ्या पाळ्यांना तोच, दिवसाला बारा. ग्लास नाही, वाटी नाही, अर्धा कप नाही, ओतून वर थोडं नाही. औषधासोबतचे दोन कपही त्यातलेच.

कागदावर बारा थेंब काढले, प्रत्येक कपाला एक थेंब त्याने स्वतः रंगवायचा, आणि कधी प्यायचं ते त्याने ठरवायचं. "चार तासांनी मिळेल" हे त्याच्यासाठी "कधीच नाही" सारखंच होतं, पण "अजून पाच थेंब कोरे आहेत" हे डोळ्यांना दिसत होतं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दहा संपवले आणि संध्याकाळी रडला. आई म्हणाली एखादा जास्त देऊ का, मी म्हटलं नको. दुसऱ्या दिवशी आई त्याच्याबरोबर बसली, "आत्ता किती, रात्रीला किती ठेवायचे?" असं विचारत. तिसऱ्या दिवशी आईने विचारायच्या आधी तो स्वतःशीच पुटपुटत होता, "रात्रीला तीन, औषधाला एक..." व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाला हे पुटपुटणं फार महत्त्वाचं वाटायचं, आधी दुसऱ्याबरोबर बोलून केलेली गोष्ट मूल मग स्वतःशी बोलून करतं आणि नंतर मनातल्या मनात. वुड, ब्रुनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड लावणाऱ्या मुलांवरून अशा मदतीला स्कॅफोल्डिंग, म्हणजे परांची, हे नाव दिलं, बांधकाम उभं राहिलं की परांची काढायची. आईला हा शब्द मी सांगितला नाही. एकदा शहाणी झाले होते. तिला एवढंच म्हटलं की तो स्वतःशी बोलायला लागला की तुम्ही बोलणं कमी करा.

नळाची चोरी थांबली, मधे एकदा झाली, आणि ती त्याने स्वतः सांगितली, थेंबाच्या बाहेर एक ठिपका काढून. सिस्टर ओरडल्या नाहीत, एक थेंब खोडला आणि पुढे. वजन उतरायला लागलं. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या आठवड्यात स्टिरॉइडचा परिणाम दिसायला लागला होता, पट्टी हिरवीची पिवळट होत होती, तर वजन कपांमुळे उतरलं की औषधामुळे, मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रात्रीचं तंटा-भांडण थांबलं ते मात्र औषधाने नाही.

रुसण्याचा प्रश्न तसाच होता. तो हसतच होता. आजीशी बोलले, बिचारी ढसाढसा रडली, "मी गमतीत म्हणायचे हो, सगळेच म्हणतात." तिचा दोष नाहीच. तिला म्हटलं तुम्हीच त्याला सांगा, मी सांगून उपयोग नाही, कारण शाप तुमचा आहे, उतारा पण तुमचाच लागणार. तिने सांगितलंही. तो म्हणाला बरं.

मग एका दुपारी मी त्याचं स्केचपेन दुसऱ्या मुलाला दिलं, न विचारता, अगदी चुकून. मनू भडकला. माझ्याकडे पाठ करून, गुडघे पोटाशी, खालचा ओठ बाहेर, पूर्ण वीस मिनिटं. वॉर्डात आल्यापासून पहिल्यांदा व्यवस्थित रुसला. मी माफी मागितली, तो बोलला नाही, मी पण जास्त मागे लागले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. आईचा मोबाईल आरशासारखा धरून तो डोळे बघत होता, एक मिटून, मग दुसरा मिटून. औषध लागू पडत होतं, सूज आदल्या दिवसापेक्षा कमीच होती. माझं नशीब म्हणा. जास्त असती तर माझी अख्खी मांडणी त्याच्या एका पुराव्याने पडली असती, आणि त्याचं काही चुकलं नसतं. मला बघून म्हणाला, "मी काल रुसलो होतो तरी." वाक्य तिथेच सोडलं.

त्यानंतर तो नॉर्मल चिडका स्टिरॉइडवरचा मुलगा झाला. सिस्टरांनी तक्रार केली की आधी किती शहाणा होता.

चार महिन्यांनी सर्दी-तापानंतर परत सूज आली. नेफ्रोटिक असं उलटतं, व्हायरल इन्फेक्शन हे त्याचं नेहमीचं निमित्त, त्यामुळे कुणी फार दचकलं नाही. यावेळी मनूने स्वतःच कप मागितला. डॉक्टरांनी या खेपेला १४ दिले तर भांडला, बाराच असतात म्हणून. शेजारच्या खाटेवर एक चार वर्षांची मुलगी होती, तिलाही तोच आजार, मनू तिला पाय दाबून दाखवत होता, "बघ, खड्डा राहतो, हवा नसते, पाणी असतं." मी दारातून ऐकत होते आणि स्वतःवर बऱ्यापैकी खूश होते.

मग आजी आली. मनूने तिला खाली वाकायला लावलं आणि कानात सांगितलं, पण आवाज पोरांचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "आजी, मी या वेळी अजिबात रुसलो नव्हतो हं."

लेगारे आणि गेल्मन यांनी २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एड्सबद्दल लोकांना विचारलं तेव्हा विषाणू आणि जादूटोणा ही दोन्ही कारणं एकाच माणसाच्या डोक्यात शेजारी शेजारी नांदताना दिसली, आणि ती फक्त लहानांच्या नाही, मोठ्यांच्याही. आजीने माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची ओढली, कागद काढला, आणि मनूला म्हटलं, चल, परत चित्र काढ. या वेळी गोलाला गाठ नव्हती. दोरी होती.